पोलिसांविरुद्ध तक्रार करायची आहे? गोव्यात ती कुठे, कशी आणि कोणत्या क्रमाने करावी

गेल्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या दोडामार्गहून रोज मोटारसायकलने गोव्यात कामाला येणारा एक पोरगा आमच्या बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) सोप्यावर येऊन बसला. नाक्यावर अडवलं, तालांव (दंडाची पावती) न देता पैसे मागितले, याने पावती मागितली आणि कानाखाली बसली, अशी हकिगत. चार पानी अर्ज लिहूनच आणला होता. त्यात बाहेरच्या माणसाला गोव्यात कसं वागवतात यावर एक अख्खं पान होतं, सरकारला दोन सल्ले होते, शेवटी एक शेरही होता. तारीख मात्र कुठेच नव्हती. वेळही नव्हती.

पंचवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात कारकुनी केली, आता निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देतो. एवढ्या वर्षांत पाहिलं ते असं की पोलिसांविरुद्धच्या बहुतेक तक्रारी खोट्या असतात म्हणून पडत नाहीत. त्या उशिरा आल्या, मोघम लिहिल्या किंवा भलत्याच दारात दिल्या म्हणून पडतात. हे तिन्ही टाळणं आपल्या हातात असतं.

आधी ठरवा, तक्रार नेमकी कशाची

‘पोलिसांनी त्रास दिला’ म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मारलं, कोठडीत डांबलं, पैसे मागितले, फिर्याद नोंदवून घेतली नाही, की जमिनीच्या भांडणात एका बाजूने उभे राहिले? प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

तपास आपल्या मनासारखा झाला नाही, आरोपीला जामीन मिळाला, शेजाऱ्याची फिर्याद आपल्या आधी घेतली, एवढ्यावरून गैरवर्तन सिद्ध होत नाही. परवाना आणि गाडीचे कागद विचारणं हे तर पोलिसांचं कामच. उद्धट बोलणं हे गैरवर्तन आहे, पण त्या एकट्याच गोष्टीसाठी थेट पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे (त्याबद्दल पुढे सांगतो) धाव घेऊ नका. पोलीस निरीक्षकाच्या वरच्या अधिकाऱ्याला, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला दिलेला साधा लेखी अर्ज पुष्कळदा तिथेच काम करून जातो.

गोव्यात एक प्रकार फार दिसतो. घरजमिनीचा वाद असतो, भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्यात तणाव असतो, आणि एक दिवस पोलीस येऊन ‘उद्यापर्यंत खाली कर’ म्हणतात. मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ पासून आहे आणि ते प्रश्न मामलेदारापुढे चालतात. कोणाला घराबाहेर काढायचं हे पोलीस स्थानकात ठरत नाही. न्यायालयाचा किंवा मामलेदाराचा लेखी हुकूम आहे का, तो दाखवा, एवढंच शांतपणे विचारायचं. उत्तर काय मिळालं ते त्याच दिवशी वहीत उतरवायचं.

पहिले तीन दिवस

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे जे हुकतं ते नंतर कुठल्याही वकिलाला भरून काढता येत नाही.

मार लागला असेल तर आधी दवाखाना, मग अर्ज. खाजगी डॉक्टरकडे जाऊन मलम लावून घरी येऊ नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, म्हापशाच्या आझिलो इस्पितळात, मडगावच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा. डॉक्टरला ‘पडलो’ म्हणून सांगू नका. भीतीपोटी बहुतेक जण नेमकं हेच सांगतात, आणि सहा महिन्यांनी समोरचा वकील तोच कागद फडकावतो. कोणी, कशाने, किती वाजता मारलं ते सांगा आणि पोलीस केस म्हणून नोंद करायला लावा. केसपेपरची प्रत घ्या. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उमटतात, म्हणून फोटो पहिल्या दिवशीही काढा आणि तिसऱ्या दिवशीही.

माणूस अजून कोठडीतच असेल तर? अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तो क्षण वाया घालवू नका. दंडाधिकारी ‘पोलिसांबद्दल काही तक्रार?’ असं विचारतात तेव्हा बाजूला तेच पोलीस उभे असतात, आणि माणूस मान हलवून ‘नाही’ म्हणतो. मी हे कोर्टात बसून कितीदा पाहिलं आहे. तिथे तोंड उघडा, अंगावरच्या खुणा दाखवा, वैद्यकीय तपासणी मागा. ती नोंद कोर्टाच्या कागदावर जाते आणि नंतर कोणाला खोडता येत नाही. अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं, वकिलाला भेटू देणं ही पोलिसांची मेहेरबानी नाही. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्यातले बरेचसे आहेत. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बायका, पंधरा वर्षांखालची मुलं आणि साठीच्या वरची माणसं यांना स्थानकात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की प्रत्येक पोलीस स्थानकात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष, निरीक्षकांची खोली अशा सगळ्या ठिकाणी सीसीटीव्ही हवेत आणि चित्रण अठरा महिने राहायला हवं. ते शक्य नसेल तिथे निदान एक वर्ष. हुकूम हुकमाच्या जागी. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर तुम्हालाही मिळू शकतं. म्हणून घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच जिल्हा पोलीस अधीक्षकांना एक स्वतंत्र पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जतन करून ठेवा. चित्रण ‘द्या’ नव्हे, ‘जतन करा’. द्यायला ते नकार देऊ शकतात, जतन करायला नकार देणं अवघड जातं. घटना रस्त्यावर घडली असेल तर समोरचं फार्मसीचं दुकान, पेट्रोल पंप, बार, जिथे कॅमेरा दिसेल तिथे त्याच दिवशी जाऊन विचारा. दुकानांच्या यंत्रात जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

फोनवर स्वतः काही टिपलं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. कापू नका, वर गाणं चढवू नका, आणि व्हॉट्सअॅपवर गावभर पाठवायची घाई करू नका. कोर्टात ते दाखवायचं तर साक्ष अधिनियमानुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी मूळ फाइल लागते. स्थानकात चित्रीकरण केलं म्हणून सरकारी गुपितांच्या कायद्याखाली अडकवू, अशी धमकी कधीकधी मिळते. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की पोलीस स्थानक हे त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. तरी माझं मत विचाराल तर फोन पोलिसाच्या नाकासमोर धरू नये. चित्रीकरणावरून झालेल्या झटापटीत मूळ तक्रार बाजूला पडते आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो.

आणि वही. तारीख, वेळ, ठिकाण, छातीवरच्या पट्टीवरचं नाव, खांद्यावरच्या फिती किंवा तारे, जीपचा क्रमांक, कोण कोण पाहत होतं. नाव कळलं नाही तर वर्णन लिहा. त्या वेळी ड्युटीवर कोण होतं हे शोधून काढणं हे चौकशी करणाऱ्याचं काम आहे.

अर्ज: एक पान, फार तर दीड

त्या दोडामार्गच्या पोराचा चार पानी अर्ज आम्ही एवढा केला:

‘मी, (नाव, वय, पत्ता, फोन), असा अर्ज करतो की दिनांक … रोजी सायंकाळी सुमारे ६.४० वाजता … येथील नाक्यावर वाहतूक पोलिसांनी माझी मोटारसायकल (क्रमांक …) थांबवली. मी परवाना व कागदपत्रे दाखवली. त्यांपैकी एकाने (गणवेशावरील नाव …) माझ्याकडे रोख रक्कम मागितली. मी पावती मागितली असता त्यांनी माझ्या डाव्या गालावर मारले. त्या वेळी … व … हे हजर होते. मी त्याच रात्री … इस्पितळात तपासणी करून घेतली, कागद जोडला आहे. या प्रकाराची चौकशी करून संबंधितांवर कारवाई करावी व त्या ठिकाणचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे, ही विनंती.’

विशेषणं काढून टाकली, ‘अमानुष’, ‘गुंड’, ‘हप्तेखोर’ वगैरे. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच ठेवलं. ऐकीव गोष्ट घालायचीच झाली तर ‘मला अमक्याने सांगितले’ असं स्पष्ट लिहायचं. वाढवून लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एक थप्पड असते, अर्जात ‘बेदम मारहाण’ होते, आणि डॉक्टरच्या कागदात फक्त लालसर डाग असतो. मग खरी थप्पडही खोटी ठरते. शिवाय जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, तो उलटू शकतो.

भाषेची काळजी नको. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीही वापरता येते. मराठी अर्ज घेणार नाही असं कोणी म्हणालं तर ‘तसं लिहून द्या’ म्हणा. मात्र वरच्या कचेऱ्यांतली कागदपत्रं बरीचशी इंग्रजीत चालतात, तेव्हा सोबत इंग्रजी तर्जुमा जोडलात तर तुमचाच वेळ वाचतो.

कोणत्या दारात जायचं

फिर्यादच घेत नसतील तर रस्ता कायद्यात ठरवून दिलेला आहे आणि त्यातली पायरी गाळता येत नाही. आधी पोलीस स्थानक. दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय करू शकतात) असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली ठरलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा दिली आहे, तेवढी लक्षात ठेवा. ‘आमची हद्द नाही, पर्वरीला जा’ हे उत्तर चालत नाही. हद्द कुठलीही असो, नोंद करून ती पुढे पाठवायची. नोंद झाल्यावर अहवालाची प्रत फुकट मिळते. बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांची फिर्याद नाकारणाऱ्या पोलिसाला स्वतःलाच भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली तुरुंगवास होऊ शकतो.

नकार मिळाला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच हकिगत लेखी, पोस्टाने, जिल्हा पोलीस अधीक्षकांना. उत्तर गोव्याचे अधीक्षक पर्वरीला, दक्षिणेचे मडगावला. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोचल्याचा पुरावा छापून ठेवा. तिथेही हालचाल झाली नाही तर दंडाधिकाऱ्यापुढे त्याच संहितेच्या कलम १७५(३) चा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. अधीक्षकांना पाठवलेलं पत्र त्या अर्जाला जोडलेलं नसेल तर तो तिथेच अडकतो. कितीतरी लोक चिडून सरळ कोर्टात येतात आणि परत जातात. आणखी एक: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो सरकारी नोकर असेल आणि कृत्य कर्तव्य बजावताना घडलेलं असेल, तर चौकशीचा हुकूम देण्याआधी दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात आणि त्याचं म्हणणंही विचारात घेतात. यात महिने जातात. इथे वकील लागतोच. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, दिव्यांग आणि कोठडीतले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १५१०० या क्रमांकावर फोन करा.

मारहाण, कोठडीतला छळ, खंडणी, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग, यासाठी पणजीचं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला असं प्राधिकरण नेमायला सांगितलं, आणि गोव्यात ते सरकारी आदेशाने २००७ मध्ये आलं. न्यायालयाने राज्य पातळीवर एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक असं म्हटलं होतं. गोवा लहान, म्हणून शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांच्या तक्रारी या एकाच ठिकाणी जातात. प्राधिकरण दोन्ही बाजू ऐकतं आणि खातेनिहाय चौकशीची किंवा गुन्हा नोंदवण्याची शिफारस करतं. शिक्षा ते स्वतः देत नाही. शिफारस बंधनकारक असावी असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं खरं, पण शिफारस आणि अंमलबजावणी यांच्यात फाइल किती दिवस झोपते हे सरकारी कचेरीत काम केलेल्याला वेगळं सांगायला नको. अध्यक्षांची खुर्ची मधूनमधून रिकामी राहिल्याचंही आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. म्हणून अर्ज देण्याआधी सध्या सुनावण्या चालू आहेत का, ते तिथे विचारून घ्या. मी स्वतः अर्जाला नेहमी प्रतिज्ञापत्र जोडायला सांगतो.

गोवा मानवाधिकार आयोगही पणजीतच आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. मुदत मात्र कडक: घटनेपासून एक वर्ष. एकच विषय राज्याच्या आयोगापुढे चालू असताना दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे पाठवू नका, ते हात लावत नाहीत. आणि बाब न्यायप्रविष्ट असेल तर अर्जात ते लपवू नका.

पैसे मागितले असतील तर दार वेगळं, दक्षता खात्याचा भ्रष्टाचारविरोधी विभाग. पैसे अजून दिलेले नसतील तर उत्तम, देण्याआधी जा, म्हणजे सापळा लावता येतो. नाइलाजाने दिले असतील तर घड्याळ तुमच्याविरुद्ध चालू झालं असं समजा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागलेल्याला सूट मिळते, पण त्याने सात दिवसांच्या आत कळवलं तरच. आमच्या पोराने पैसे दिलेच नव्हते, ते बरं झालं.

कोठडीतला मृत्यू किंवा बेपत्ता माणूस असेल तर यातल्या कशाचीच वाट पाहू नका. वकील गाठा आणि पर्वरीला उच्च न्यायालयात जा.

शिक्का

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तर ठेवायचा नाही. शिक्का देत नसतील तर बाहेर येऊन तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि वर लिहायचं की अमुक वाजता हाती दिला असता घेतला नाही. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. कोर्टात असताना एक बाई ‘मी तीनदा तक्रार दिली’ म्हणून रडत होत्या. हातात एकही शिक्क्याची प्रत नव्हती, आणि पलीकडून उत्तर आलं की कार्यालयात अशी कुठलीच नोंद नाही.

महिनाभरात काही कळलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ‘न्याय का दिला नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कारवाई झाली, तो कोणाकोणाकडे कोणत्या तारखांना गेला, त्यावरील शेऱ्यांच्या प्रती द्या, असं विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोग. हा अर्ज गेला की झोपलेली फाइल एकदा तरी कूस बदलते.

मग फोन येतात

गोवा पंधरा लाखांचा. इथे कोणीतरी कोणाचातरी भावोजी असतो. तक्रार पोचल्यावर दोन दिवसांत गावच्या पंचायतीतल्या पंचाचा फोन येतो, मग लांबच्या काकांचा, मग ‘साहेब चांगले आहेत, चहाला या’. तडजोड करायचीच नाही असं मी म्हणत नाही. खालच्या शिपायाने माफी मागितली आणि तुमचं समाधान झालं तर तो तुमचा प्रश्न. पण स्थानकात एकट्याने जाऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही कधीच देऊ नका. ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देण्याआधी एक रात्र जाऊ द्या. ते वाक्य नंतर मागे घेता येत नाही. धमकी आली तर ती वेगळी घटना आहे, तिचा वेगळा अर्ज, वेगळा शिक्का.

त्या पोराला असाच फोन आला. मालकाच्या ओळखीतून. कामावरून काढतील म्हणून तो दोन दिवस गप्प बसला, मग आला आणि म्हणाला, ‘काका, पुढे चालवूया.’ अजून चालू आहे.

सुनावणीची नोटीस आली की तारीख चुकवू नका. दोन-तीन तारखांना गैरहजर राहिलात तर तक्रार निकाली निघते आणि दोष तुमच्यावर येतो. आजारी असाल तर आधी लेखी कळवा. साक्षीदाराला आदल्या दिवशी आठवण करा, पण काय बोलायचं ते पढवू नका. दोघांचं वाक्य शब्दशः सारखं आलं की समोरच्या वकिलाचं काम सोपं होतं. मूळ केसपेपर आणि शिक्क्याच्या प्रती सोबत न्या, पण फाइलला प्रतीच लावा. मूळ कागद दाखवायचे, आणि परत घेऊनच खोलीबाहेर पडायचं.